ऑर्डिसची पन्नास काडतुसं

ऑर्डिस टॉलेफसन एकतीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिली आणि त्या एकतीस वर्षांत तिच्या हातून एकाही माणसाला चुकीची गोळी गेली नाही. बिटर वेल्समध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ऑर्डिस ते स्वतःच अधूनमधून सांगत असे. त्यामुळे निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, तिनं एका जुन्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी भरायला घेतली, तेव्हा गावाला विनोद शोधायला लांब जावं लागलं नाही.

"इतकी वर्षं गिळायच्या गोळ्या दिल्या," शेजारचा डुआन शाफर कुंपणापलीकडून म्हणाला, "आता झाडायच्या घेतल्या!"

"गिळायच्या तुला अजून लागतात," ऑर्डिस म्हणाली. "रक्तदाबाची घेतलीस का आज?"

डुआननं घेतली नव्हती. तो मुकाट्यानं घरात गेला.

रिव्हॉल्व्हर आजीचं होतं. आजी ग्युरी घोड्यावरून टपाल वाटायची. बिटर वेल्सपासून पार नदीपलीकडच्या मेंढवाड्यांपर्यंत, आठवड्यातून दोन खेपा, तेरा वर्षं. ते रिव्हॉल्व्हर तिनं एका मेंढपाळाकडून दोन पोती बटाट्यांच्या बदल्यात घेतलं होतं आणि तेव्हाही ते जुनंच होतं. तिनं ते माणसावर कधी रोखलं नाही. एक लंगडा लांडगा, शेपटी खुळखुळवणारे बरेचसे विषारी साप आणि एकदा चुकून स्वतःच्या स्वयंपाकघरातली शेगडी, एवढंच त्यानं टिपलं. ऑर्डिसच्या जन्माच्या वर्षी आजीची नजर गेली, रिव्हॉल्व्हर मेणकापडात गुंडाळून पिठाच्या डब्यात गेलं आणि तिथंच राहिलं.

त्याचा आवाज ऐकलेलं घरात एकच माणूस उरलं होतं. ऑर्डिसची थोरली बहीण मॅग्निल्ड. ऐंशी वर्षांची, डोळ्यांनी अधू, जिभेनं मात्र तरतरीत. वाळत घातलेल्या चादरींखाली साप निघाला आणि आजीनं तो जागच्या जागी उडवला, तेव्हा मॅग्निल्ड सहा वर्षांची होती. ही गोष्ट ती दर नाताळला सांगायची आणि दर वेळी साप हातभर लांब व्हायचा.

"तुला काय कळणार, तू ऐकलंच नाहीस," ती शेवटी म्हणायची.

त्या नाताळात हे वाक्य ऑर्डिसला लागलं. पासष्ट वर्षं ते ऐकून तिला काही झालं नव्हतं, पण या वेळी घरी येताना गाडीत तिच्या मनात आलं की आता ते ऐकलंच पाहिजे. मॅग्निल्ड आहे तोवर, तिच्या शेजारी बसून.

डबा बगलेत मारून ती एल्सवर्थ ग्रीबकडे गेली. एल्सवर्थ चौऱ्याऐंशीचा, गावातला एकमेव बंदूक दुरुस्त करणारा. त्यानं मेणकापड सोडलं, आधी गोळ्या ठेवायचं चक्र रिकामं आहे ना ते दोनदा पाहिलं, मग भिंग डोळ्याला लावून वीस मिनिटं तपासत राहिला. रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे ओढून चक्राचं प्रत्येक घर नळीसमोर नीट येतं का ते पाहिलं. चक्र हलवून ढिलाई पाहिली. नळीत उजेड सोडला.

"पोरी," तो अखेर म्हणाला, "हिला दुकानातली काडतुसं घालशील तर तुझ्या हाताचे तुकडे झाडावरून वेचावे लागतील."

"पण मापाची मिळतात की. मी विचारलं."

"मापाची मिळतात, ताकदीची नाही. ती आजच्या पोलादासाठी भरलेली असतात. हे पोलाद बंदुकीच्या काळ्या दारूच्या जमान्यातलं. हिला काळी दारूच द्यायची, मऊ शिशाची गोळी द्यायची, आणि तीही आपल्या हातानं भरून."

"मग द्या भरून."

एल्सवर्थनं भिंग खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढे धरले. बोटं थरथरत होती. "या हातांनी? आणि या डोळ्यांनी? मला तराजूचे काटेच दोन दिसतात. मी शिकवीन. भरायचं तू."

अशा रीतीनं नाताळच्या जेवणातही वाइनला न शिवणारी ऑर्डिस काळ्या दारूच्या नादी लागली.

पहिल्या दिवशी एल्सवर्थ वजनं समजावून सांगू लागला. बंदुकीची दारू ग्रेनमध्ये मोजतात, ग्रेन म्हणजे अमुक, ग्रामचा अमुकावा भाग, असं त्यानं सुरू केलं, तोच ऑर्डिसनं त्याला थांबवलं. "एल्सवर्थ, ग्रेन म्हणजे काय ते मला शिकवू नका. मी दुकानात लागले तेव्हा म्हातारे डॉक्टर चिठ्ठीवर ग्रेनच लिहायचे." तिनं तराजू स्वतःकडे ओढला, पारडी पुसली, काटा शून्यावर आणला, पाहणीचं वजन ठेवून खात्री केली आणि मगच मान वर केली. एल्सवर्थ खुर्चीत मागे टेकला. या बाईला शिकवायला आपल्याकडे फार काही नाही, हे त्याला तेव्हाच कळलं असावं.

तरी नियम त्यानं सांगितलेच. टेबलावर एका वेळी एकच दारू, दुसरा डबा खोलीतसुद्धा नको. काम झालं की दारू आपल्या मूळ डब्यात परत, दुसऱ्या कशात नाही. प्रमाण छापील पुस्तकातलं, आठवणीतलं नाही आणि मित्रानं सांगितलेलं तर नाहीच. सुरुवात खालच्या आकड्यापासून. डोळ्यांना चष्मा. खोलीत विस्तव नाही, सिगारेट नाही, रेडिओ नाही, गप्पा नाहीत. आणि कुणी मध्येच आलं तर काय केलं होतं ते आठवत बसायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून.

"काळ्या दारूचा एक गुण आहे," तो म्हणाला. "ती काडतुसाच्या पितळी पुंगळीत काठोकाठ भरावी लागते, गोळी बसली की किंचित दाबली जाईल इतकी. आत पोकळी ठेवायची नाही. त्यामुळे चुकून दोनदा ओतलीस तर सांडते, लगेच कळतं. आजची दारू चिमूटभर पुरते. एवढ्या मोठ्या पुंगळीच्या तळाशी ती एकदा पडलीय, दोनदा पडलीय की पडलीच नाही, हे वाकून पाहिल्याशिवाय समजत नाही. आणि लोक वाकत नाहीत."

मार्चमध्ये त्यांनी पहिली पाच काडतुसं उडवली. हातात धरून नव्हे. एल्सवर्थनं रिव्हॉल्व्हर ट्रॅक्टरच्या जुन्या टायरात घट्ट बांधलं, चापाला लांब दोरी लावली आणि दोघं त्याच्या ट्रकच्या इंजिनाआड बसले. वारा असा सुटला होता की दोरी ओढली, धूर दिसला, पण आवाज बराचसा वाऱ्यानंच नेला. पाचही वेळा एल्सवर्थनं चक्र तपासलं, पुंगळ्या फुगल्या-चिरल्या नाहीत हे पाहिलं.

"बाई ठणठणीत आहे," त्यानं निकाल दिला. "पण सहा घरं असली तरी पाचच भरायची. घोडा कायम रिकाम्या घरावर. तुझी आजीही तेच करत असणार, नाहीतर टपाल वाटताना स्वतःचाच पाय गमावला असता."

गावात दर जूनच्या पहिल्या रविवारी जुन्या बंदुकांची स्पर्धा व्हायची. ऑर्डिसनं नाव दिलं, मॅग्निल्डला कळवलं आणि त्यासाठी पन्नास काडतुसं भरायला बसली. रेफ्रिजरेटर बंद केला, कारण त्याची घरघर तिला नको होती. फोनची तार काढली. दाराला कागद लावला: "काम चालू आहे. वाजवू नये."

कागद वाऱ्यानं दहा मिनिटांत उडाला.

दुपारी डुआननं तिला फोन केला. त्याच्याकडे बायकोनं ऑर्डिससाठी केलेली रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई होती, ती द्यायची होती. फोन उचलेना. अर्ध्या तासानं पुन्हा केला. मग त्यानं स्वतःच्या गॅरेजच्या खिडकीतून पाहिलं, तर समोर स्वयंपाकघरात ऑर्डिस टेबलावर मान घालून बसलेली, अजिबात हलत नाही. ती काटा स्थिर व्हायची वाट पाहत होती. डुआनला वाटलं, गेली.

तो हातातलं काम टाकून धावला. पुढचं दार कुलूपबंद. मागे येऊन त्यानं स्वयंपाकघराची खिडकी वर ढकलली आणि त्र्याण्णव किलोंचा देह भांडी घासायच्या सिंकवरून आत लोटला. त्याचा बूट दिव्याच्या तारेत अडकला. दिवा गेला, टेबल हललं, तपासलेल्या काडतुसांची पेटी उपडी झाली, अजून न तपासलेली काडतुसं त्यातच मिसळली आणि डुआन पाण्याच्या नळाला धरून लोंबकळत राहिला.

ऑर्डिसनं चष्मा वर केला.

"डुआन शाफर," ती म्हणाली, "तू माझ्या सिंकमध्ये काय करतोयस?"

"तू जिवंत आहेस!"

"आत्तापर्यंत तरी. उतर खाली. हळू. आणि कशावर पाय देऊ नकोस."

तो उतरला, घामाघूम झालेला, आणि खुर्चीत बसला. तो अजूनही ती जिवंत असल्याची खात्री करून घेत होता, हे पाहून तिचा राग निम्मा झाला. तिनं सांडलेली दारू ओल्या फडक्यानं टिपली, डबा बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवून आली, मग त्याला पाणी दिलं. पाई आणायला तो परत गेला आणि दोघांनी ती बसून खाल्ली. खाताना त्यानं विचारलं, "आता या काडतुसांचं काय?"

"फोडणार."

"कुठली?"

"सगळी."

"पन्नासच्या पन्नास? अगं, त्यातली चाळीस तपासून झाली होती असं तूच म्हणालीस!"

"कुठली चाळीस, ते दाखव."

डुआननं पेटीकडे पाहिलं. सगळी सारखीच दिसत होती. "वजन करून बघ ना. बहुतेक कळेल."

"बहुतेक हा शब्द मी एकतीस वर्षं काउंटरवर उच्चारला नाही."

"वेडी आहेस तू," डुआन प्रेमानं म्हणाला आणि राहिलेली पाई घेऊन आपल्या गॅरेजात गेला.

काडतूस फोडायला हातोडीसारखं एक अवजार असतं. त्याच्या पोकळ डोक्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडाच्या ओंडक्यावर आपटायचं, की गोळी सुटते आणि दारू वेगळी होते. दाबून भरलेल्या काडतुसाला आठ-दहा ठोके लागतात. ऑर्डिस दोन दिवस परसात ठोकत बसली. पन्नास फोडली. पन्नासही अगदी बरोबर भरलेली निघाली, अर्ध्या ग्रेनचाही फरक नाही. तिनं वहीत तसं लिहिलं, खांदा चोळला आणि बुधवारी नवी पन्नास भरायला घेतली. या वेळी कागद खिळ्यानं ठोकला आणि त्यावर एक ओळ वाढवली: "मेलेली नाही."

स्पर्धेच्या दिवशी सगळं गाव ओढ्याकाठच्या दरडीपाशी जमलं. दरडीच्या पायथ्याशी लोखंडी ताटल्या टांगलेल्या, इकडे लांब टेबलांवर बटाट्याची सॅलडं आणि कॉफीचे पिंप. मॅग्निल्ड घडीच्या खुर्चीत, गुडघ्यांवर ब्लँकेट, डोक्याला रुमाल. एल्सवर्थ तिच्या शेजारी.

ऑर्डिसची पाळी आली. तिनं चष्मा आणि कानांची बोंडं लावली, मग एका कानातलं काढून खिशात टाकलं. एल्सवर्थ ओरडला, "दोन्ही लाव!" "एक तरी नीट ऐकू दे," ती म्हणाली, पण त्यानं काठी उगारली, तेव्हा तिनं ते निमूट परत लावलं. पाच काडतुसं भरली. घोडा ओढला.

आवाज बोंडांतूनही आला. कडक टाळी नव्हे, तर लांब, जाड, पोटात उमटणारा, कुणी जड दार छातीनं लोटावं तसा. पांढऱ्या धुराचा ढग तिच्या चेहऱ्यासमोर उभा राहिला आणि सडक्या अंड्यांचा वास सॅलडांपर्यंत पोचला. ताटली लागली की नाही हे तिला दिसलंच नाही. ती धुरात उभी राहून हसत होती. पाच गोळ्यांत दोन ताटल्या वाजल्या. टाळ्या पडल्या.

ती बहिणीकडे आली. "काय? हाच का?"

मॅग्निल्डनं मान तिरकी केली. "आजीचा याहून मोठा होता."

"तू सहा वर्षांची होतीस. तुझे कानही नवे होते."

"मोठाच होता," मॅग्निल्ड म्हणाली. मग चाचपडत तिनं ऑर्डिसचा हात धरला, बोटांवरची काजळी आपल्या बोटांनी चोळली आणि नाकाशी नेली. "वास मात्र तोच आहे," ती हळूच म्हणाली, आणि बराच वेळ हात सोडेना.

ऑर्डिसनंतर डुआनची पाळी आली. त्याच्याकडे त्याच्या सासऱ्याचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं. ते आजच्या दारूला चालणारं होतं आणि डुआन घरी काडतुसं भरताना तीच चिमूटभर वापरायचा. पहिली गोळी, ताटली वाजली. दुसरी, वाजली. डुआन प्रेक्षकांकडे बघून भुवया उडवायचा. तिसऱ्या वेळी चाप दाबला, तर फक्त 'फट्' झालं, बाटलीचं बूच उडाल्यासारखं. ताटली गप्प. हाताला धक्काही नाही.

"चुकली!" कुणीतरी हसलं. डुआनही हसला आणि अंगठ्यानं घोडा पुन्हा मागे ओढला.

"डुआन, बोट काढ!"

हा आवाज ऑर्डिस काउंटरवरून वापरायची, जेव्हा कुणी दोन औषधं एकत्र घ्यायला निघायचा. दुकानात त्या आवाजानं लोकांच्या हातातल्या बाटल्या थांबत. इथं सॅलड वाढणाऱ्या बाईचा चमचासुद्धा थांबला. डुआनचं बोट चापावरून निघालं.

"नळी ताटल्यांकडेच ठेव. घोडा अलगद उतरव. आता हलू नकोस."

"अगं, एक नुसतं फुसकं गेलं—"

"फुसकं गेलं, मग गोळी कुठं गेली? ताटलीला नाही, मातीत धूळ उडाली नाही. मी बघत होते."

डुआननं दरडीकडे पाहिलं. मग आपल्या हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे. 

त्यांनी अर्धं मिनिट थांबून चक्र रिकामं केलं. एल्सवर्थनं नळीत पितळी सळई घातली. ती निम्म्यावर अडली. गोळी तिथं बसली होती, घट्ट. दारू नसलेल्या पुंगळीत नुसती बुडाची ठिणगी पाडणारी टोपी फुटली होती आणि तिनं गोळीला तेवढंच ढकललं होतं. पुढची गोळी तिच्यावर जाऊन आदळली असती, तर नळी फुटली असती, आणि सासऱ्याचं रिव्हॉल्व्हर ज्या हातात होतं त्या हाताचं काय झालं असतं, ते कुणी बोललं नाही.

डुआन गवतावर बसला. ऑर्डिस त्याच्या शेजारी बसली.

"ही कधी भरलीस?" तिनं विचारलं.

डुआन बूट बघत राहिला. "त्या दिवशी," तो म्हणाला. "भरत बसलो होतो. मध्येच तुला फोन केला, मग खिडकीतून तू दिसलीस. सगळं तसंच टाकून पळालो. पाई खाऊन परत आलो आणि जिथं सोडलं असं वाटलं तिथून पुढे भरली."

त्याला बोलण्यासारखं ऑर्डिसकडे पुष्कळ होतं. पण हा माणूस सगळं टाकून पळाला होता तो तिच्यासाठी, आणि या वयात सिंकवरून उडी मारून.

"उरलेली घेऊन ये," ती म्हणाली. "उद्या सकाळी. दारातून ये."

सोमवारी दोघांनी परसात ओंडक्यावर बसून डुआनची सगळी काडतुसं फोडली. ठोके देताना तो नेहमीसारखी बडबड करत होता, एकविसाव्यापर्यंत. एकविसाव्यातून काहीच सांडलं नाही, रिकामं. तेवीस नंबरचं ऑर्डिसनं पारड्यात ओतलं आणि काटा नेहमीच्या जागेपासून फार पुढे गेला. दुप्पट होतं.

डुआननं ते पारडं हातात घेतलं आणि त्या एवढ्याशा राखाडी दाण्यांकडे बघत राहिला.

"हेही मी काल उडवलं असतं," तो म्हणाला.

"उडवलं नाहीस."

"तुला मी वेडी म्हणालो होतो."

"म्हणालास. प्रेमानं म्हणालास, म्हणून सोडून दिलं." तिनं पारडं त्याच्या हातातून काढून घेतलं. "आता पुढचं फोड. अजून सत्तावीस आहेत आणि मला जेवायचंय."

स्पर्धेत ऑर्डिस अकरा जणांत नववी आली. मॅग्निल्डनं ही बातमी आपल्या वृद्धाश्रमात सांगताना आकडा तिसरा केला.

उन्हाळ्याअखेर एल्सवर्थनं आपलं काडतुसं भरायचं टेबल, गोळ्या दाबून बसवायचा प्रेस आणि पुस्तकं ऑर्डिसला देऊन टाकली. पण तिनं ते सामान घरी नेलं नाही. त्याच्याच दुकानात ठेवलं आणि दर शनिवारी सकाळी तिथं जाऊ लागली. ऑक्टोबरात तिच्याकडे सात जण शिकायला आले. त्यांत दोन गहूवाले शेतकरी, शाळेची बसवाली, पाद्रीबुवांची बायको आणि सगळ्यांत आधी नाव दिलेला डुआन. एल्सवर्थ कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून कॉफी पीत सगळ्यांवर लक्ष ठेवायचा. त्याला दिसत काहीच नसे, पण तराजूजवळ कुणी कुजबुजलं तर काठी आपटायचा.

ऑर्डिसनं पहिल्या दिवशी प्रत्येकापुढे एक तराजू, एक चमचा आणि साखरेचा डबा ठेवला.

"दारू कधी?" डुआननं विचारलं.

"पन्नास वेळा साखर मोज. पन्नासही सारख्या आल्या की बघू."

"आणि मध्येच कुणी हाक मारली तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून."

डुआननं मोजायला सुरुवात केली. अडतिसाव्या पुडीला पाद्रीबुवांच्या बायकोला शिंक आली, त्यानं सवयीनं "देव भलं करो" म्हटलं, आणि ऑर्डिसनं येऊन त्याच्यापुढच्या सगळ्या पुड्या डब्यात परत ओतल्या.